खाण तशी माती? : एका संशोधनकथेचे वाचन

आमच्या हायस्कुलात दहावी ‘ब’च्या वर्गात एक मुलगा होता. दर तासाला उठून बाहेर जाण्याची परवानगी मागायचा. गणिताच्या तासाला अधिक वेळा जातो, अशी शिक्षकांची तक्रार आली. मी त्याला खोलीत बोलावले, चार शब्द सुनावले आणि त्याच्या नावापुढे शेरा मारला : ‘वर्गात बसण्याची टाळाटाळ करतो.’ तो मान खाली घालून उभा होता. दहावीतल्या मुलाने सगळ्यांदेखत काय सांगावे? महिन्याभराने त्याचे वडील फाईल घेऊन आले, तेव्हा मला कळले की त्या पोराच्या आतड्याला व्रण पडले होते.

प्रथम आतड्याचा क्षय समजून सहा महिने औषधे झाली होती. गुण आला नाही. मग निदान झाले ते ‘क्रोन्स’ या आजाराचे. वडिलांचा प्रश्न मात्र वेगळाच होता. “सर, डॉक्टर म्हंटले जीन्समधलं हाय. म्हंजे आमच्या रक्तातलंच की ओ? थोरल्या पोरीचं ठरवायला निघालोय. पावण्यास्नी काय सांगू?” डॉक्टर इंग्रजीत बोलले होते, नर्सबाईंनी ते कानडीत समजावले होते आणि वडिलांनी मनात त्याचे मराठी केले होते : खाण तशी माती.

मी मराठीचा एम. ए. वैद्यकात मला गती नाही. पण त्या दिवसापासून या विषयावर मराठीत जे लिहिले जाते, ते मी कात्रणे काढून वाचत आलो : रविवारच्या पुरवण्या, आरोग्यविषयक सदरे, दुकानातली पत्रके. मूळ संशोधनही, कळेल तितके, पाहिले. कादंबरी वाचताना आपण कथानक आणि निवेदन वेगळे करून पाहतो, तसेच येथे करायचे आहे. माझे म्हणणे एवढेच की, संशोधनाने सांगितलेली कथा एक आहे आणि आपल्या निवेदकांनी ती भलतीच करून टाकली आहे. त्याची किंमत त्या बापासारखी माणसे मोजतात.

आधी कथेची पार्श्वभूमी. आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे दोन मुख्य प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोल जातो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ऑपेनहायमर या तिघांनी १९३२ साली त्यावर निबंध लिहिला. नावे इंग्रजी वर्णक्रमाने छापली होती, म्हणून पहिल्याचे नाव रोगाला चिकटले. ग्लासगोच्या डॅलझील या शल्यविशारदाने १९१३ सालीच असे रुग्ण वर्णिले होते. गुरांच्या आतड्याला होणाऱ्या, क्षयाच्या जातकुळीतल्या जंतूच्या रोगाशी त्याने त्यांचे साम्यही दाखवले होते. म्हणजे जंतूचा संशय पहिल्यापासूनच होता. आपल्याकडे क्षय आणि क्रोन्स यांची गल्लत होते तीही उगीच नव्हे. दोन्ही रोग लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावर बसतात, दोन्हींत तशाच गाठी होतात. निष्णात डॉक्टरही तेथे अडखळतात.

आता पहिले निवेदन, आनुवंशिकतेचे. २००१ साली दोन संशोधक गटांनी एकाच वेळी जाहीर केले की, सोळाव्या गुणसूत्रावरील ‘नॉड २’ या जनुकातील काही बदल क्रोन्सशी निगडित आहेत. आपल्या सदरांत याचे रूप होते : ‘रोगाचे जनुक सापडले’. या तीन शब्दांत दोन चुका आहेत. एक, ते रोगाचे जनुक नव्हेच. त्याचे काम वाचनाचे आहे. जंतूंच्या भिंतीचा एक बारीक तुकडा ओळखायचा आणि शरीराला वर्दी द्यायची, एवढ्यासाठी ते असते. ते बदलले की हे वाचन बिघडते. दोन, तो बदल असलेल्या बहुसंख्य माणसांना क्रोन्स होत नाही. उलट जपान, चीन, कोरिया येथील रुग्णांत ते युरोपीय बदल सापडतच नाहीत म्हटले तरी चालेल. भारतीय रुग्णांतही ते विरळाच. तरी रोग तेथेही आहे आणि येथेही आहे.

पुढे २०१२ साली पाऊण लाखाहून अधिक रुग्ण आणि निरोगी माणसे तपासून जनुकसंचातील १६३ जागा या आजारांशी जोडल्या गेल्या. नंतर ही संख्या दोनशेच्या वर गेली. एका खलनायकाऐवजी दोनशे पात्रे रंगमंचावर आली आणि प्रत्येकाचे काम चिमूटभर! यातल्या बऱ्याच जागांचा क्षय आणि कुष्ठरोग यांच्या जंतूंशी झुंजण्याच्या क्षमतेशीही संबंध दिसला. ‘नॉड २’चा कुष्ठरोगाशी असलेला संबंध तर चीनमधील संशोधनात २००९ सालीच आढळला होता. मला हा भाग साऱ्या कथेत सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. ज्याला आपण रक्तातला दोष म्हणतो, तो पूर्वजांनी जंतूंशी केलेल्या झगड्याचा अवशेष असण्याची शक्यता आहे. आपल्या एकाही कात्रणात मला तो आढळला नाही. एकाच साच्याच्या जुळ्यांतही एकाला क्रोन्स झाला म्हणजे दुसऱ्याला होतोच असे नाही; कोलायटिस तर दुसऱ्याला बहुतेक वेळा होत नाही. ही गोष्टही आम्ही सांगत नाही. ‘रक्तातच आहे’ हे मात्र लगेच सांगतो.

दुसरे निवेदन जंतूंचे. येथे आमचे सदरलेखक रामलीला मांडतात : हे चांगले जंतू, हे वाईट जंतू, चांगले जिंकले की आरोग्य. प्रयोग काय सांगतो ते पाहा. दाहाला आवर घालणारे ‘आयएल १०’ हे द्रव्य ज्यांना जन्मतःच नाही असे उंदीर १९९३ साली तयार केले गेले. त्यांच्या आतड्याला दाह झाला. त्याच जातीचे उंदीर पूर्ण निर्जंतुक जागेत वाढवले, तेव्हा दाह झालाच नाही. हे १९९८ सालचे काम. जनुकाचा दोष दोन्हीकडे सारखा होता. फरक होता तो जंतूंच्या असण्यात, आणि जंतूही कोणी शत्रू नव्हते, निरोगी उंदरांत सुखाने नांदणारेच होते. ना जनुक एकटे दोषी, ना जंतू. बिघाड दोघांच्या नात्यात होता. नात्याची कथा लिहायला आपल्याला जड जाते, युद्धाची सोपी जाते. वाङ्मयातही आपला तोच अनुभव आहे.

फ्रान्समध्ये २००८ साली ‘फीकॅलिबॅक्टेरियम’ नावाचा एक जंतू क्रोन्सच्या रुग्णांत कमी आढळला. ज्यांच्यात तो कमी, त्यांचा आजार शस्त्रक्रियेनंतर उलटण्याची शक्यता अधिक दिसली. हा ‘चांगला’ जंतू, असे लगेच छापून आले. पण दाहामुळे तो घटतो की तो घटल्याने दाह होतो? कारण आणि परिणाम यांतला हा भेद आम्ही नववीच्या मुलांना शिकवतो. छापील सदराने तो विसरावा, हे बरे नव्हे.

आकड्यांचीही तीच गत. ‘शरीरात पेशींच्या दहापट जंतू असतात’ हे वाक्य माझ्या कात्रणांत सात ठिकाणी आहे. इस्रायल आणि कॅनडा येथील तिघा संशोधकांनी २०१६ साली हिशेब नव्याने मांडला : जंतू सुमारे ३८ लाख कोटी, मानवी पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे जवळपास बरोबरी. वजन दोन किलो नव्हे, पाव किलोच्याही आत. दहापटीचा आकडा जुन्या ढोबळ अंदाजावर उभा होता आणि एकाचे पाहून दुसऱ्याने तो उतरवला. परीक्षेत असे उतरवल्यास आम्ही पेपर काढून घेतो.

या सगळ्यातून उपचारांचा बाजार उभा राहतो, आणि येथे समीक्षकालाही गप्प बसता येत नाही. दही खा, अमुक गोळी घ्या, जंतू सुधारा, असे सांगणारी पत्रके त्या मुलाच्या फाईलमध्ये डॉक्टरांच्या कागदांबरोबर लावलेली होती. निरोगी माणसाच्या विष्ठेतील जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपाय २०१५ साली कोलायटिसवर दोन ठिकाणी तपासला गेला. कॅनडात ३८ पैकी ९ जणांचा आजार शमला. ज्यांना नुसते पाणी दिले त्या ३७ पैकी दोघांचा. नेदरलँड्समध्ये ठोस फरक दिसला नाही. शास्त्रज्ञांनी दोन्ही निकाल छापले. आपल्याकडे पहिल्याचीच बातमी झाली.

दोष केवळ मराठी लेखकांचा आहे असे मी म्हणणार नाही. रोज नवे संशोधन, हाती चारशे शब्दांची जागा आणि परिभाषा अर्धी कच्ची. मूळ इंग्रजी लेखनातही ‘गुन्हेगार’ जंतू सापडतात. शिवाय आपल्या काही लेखकांनी ‘जंतुसृष्टी’ असा एक सुरेख शब्द रुळवला, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. सृष्टीत चांगले-वाईट नसते, एकमेकांवर अवलंबून असणे असते. तो शब्द ते स्वतःच पुढच्या परिच्छेदात विसरतात, एवढीच तक्रार.

आता पुन्हा त्या म्हणीकडे. खाण तशी माती, म्हणजे मूळ जसे तसे पुढचे. इंग्लंडमधील लेस्टर परिसरातील एक पाहणी १९९२ साली प्रसिद्ध झाली. तेथे स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांत कोलायटिसचे नवे रुग्ण गोऱ्यांहून अधिक प्रमाणात आढळले. भारतात तेव्हा हा आजार फारसा नाही असे समजत. खाण तीच, माती बदलली. आज आपल्या शहरांतही हे रुग्ण वाढत आहेत, तेही दोन-तीन दशकांत. इतक्या अवकाशात कोणाचे रक्त बदलत नाही. अन्न, पाणी, औषधे, राहणी बदलते. म्हण खोटी नाही, अपुरी आहे. अपुऱ्या म्हणीवर सोयरीक मोडू नये.

त्या वडिलांना मी एवढेच सांगू शकलो : भावंडांना धोका थोडा जास्त असतो, पण बहुतेकांना हा आजार होत नाही; कोणाच्या पापाचा किंवा खाण्यापिण्यातल्या चुकीचा हा हिशेब नव्हे; पाहुण्यांना खरे सांगा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. ते गप्प राहिले. पटले की नाही, कळले नाही. सोयरीक त्या वर्षी झाली नाही, पुढच्या वर्षी दुसरीकडे झाली.

मुलाचा बाक आम्ही दाराजवळ हलवला. न विचारता जायची मुभा दिली. औषधे चालू ठेवून तो परीक्षेला बसला. मी मारलेला शेरा मात्र तसाच आहे. शाळेच्या दप्तरात खाडाखोड चालत नाही. म्हणून त्याखाली तारीख घालून दुसरी ओळ लिहिली : ‘वरील शेरा चुकीच्या समजुतीने लिहिला गेला. विद्यार्थी आजारी होता.’ आणि सही केली.