निकाल ठोकळ्यातच लागतो

फळमाशीच्या मेंदूतल्या सुमारे १,३९,००० चेतापेशींचा जोडणी-नकाशा ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला, तेव्हा कौतुक झाले ते संगणकाचे. त्याच वर्षी माणसाच्या मेंदूच्या घन मिलिमीटरभर तुकड्याची १.४ पेटाबाइट माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हाही बातम्यांत गूगलचे नाव मोठे होते. तो तुकडा कशात बुडवला, किती वेळ आणि कोणी, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. मेंदूचे असे नकाशे काढणाऱ्या या क्षेत्राचे घोडे मात्र नेमके तिथेच पेंड खाते.

यंत्रांनी मोठी मजल मारली आहे, हे मान्य. सूत्रकृमीच्या ३०२ चेतापेशींचा १९८६ चा नकाशा हाताने कापलेल्या छेदांवरून काढला होता. २००४ मध्ये डेंक आणि होर्स्टमान यांनी हिऱ्याची सुरी थेट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या पोटातच बसवली. वरचा थर तासायचा, उघड्या पडलेल्या पृष्ठभागाचे चित्र घ्यायचे, पुन्हा तासायचे. पुढे आयनांच्या झोताने ८ नॅनोमीटरचे थर खरवडता येऊ लागले, छेद आपोआप फितीवर गोळा होऊ लागले.

आता रसायनांचे कपाट उघडून पाहा. ऊती स्थिर करणारे ग्लुटाराल्डिहाइड १९६३ चे, एपॉन रेझिनची कृती १९६१ ची, ऑस्मियमवर ऑस्मियम चढवण्याची युक्ती १९६६ ची, शिशाचे अस्पार्टेट १९७९ चे. सॅन दिएगोच्या प्रयोगशाळेतून २०१० मध्ये निघालेली आणि आज सर्रास वापरली जाणारी कृती म्हणजे मुख्यतः याच जुन्या मंडळींची नवी मोट.

सुरी पोटात असलेल्या यंत्रात रेझिनमध्ये बसवलेल्या ऊतीच्या ठोकळ्याचा पृष्ठभागच पाहायचा असल्याने छेद कापून मागाहून रंगवायची सोय उरत नाही. रंग देणारा सगळा धातू आधीच आत जायला हवा. ऑस्मियम पेशींच्या पटलांतल्या मेदाला चिकटते. मग थायोकार्बोहायड्रॅझाइड त्याला धरते आणि दुसऱ्या ऑस्मियमसाठी दुसरा हात मोकळा ठेवते. पटल गडद होते, शिवाय धातूमुळे ठोकळा थोडाफार वीजवाहकही होतो. नुसते रेझिन विद्युतरोधक. त्यावर इलेक्ट्रॉन साचले की चित्र हलते, भगभगते. म्हणून जाणते तंत्रज्ञ ऊतीभोवतीचे रिकामे रेझिन शक्य तितके तासून टाकतात आणि ठोकळा चांदीमिश्रित डिंकाने टाचणीवर बसवतात. पाणी काढताना अंश राहिला तर ६० अंशांच्या भट्टीत दोन दिवस ठेवूनही आत मऊ जागा राहते, आणि सुरी तिथे दगा देते. कापलेला थर फेकलाच जातो, त्यामुळे दुसरी संधी नसते.

तुकडा मोठा झाला की कडा काळ्याभोर आणि गाभा फिकट. फ्रँकफर्टच्या हेल्मश्टेटर गटाने २०१५ मध्ये दाखवले की ऑस्मियम आणि फेरोसायनाइड एकत्र दिल्यावर रंगाची वाट अडते. दोन्ही एकामागोमाग दिली तर मिलिमीटरभर तुकडाही सारखा रंगतो. त्याच वर्षी मिकुला आणि डेंक यांनी फॉर्मामाइड आणि पायरोगॅलॉल वापरून उंदराचा अख्खा मेंदू रंगवला. माझ्या मते गेल्या दोन दशकांतले या कलेतले खरे शोध हेच. साचलेल्या इलेक्ट्रॉनांवर वायूचा फवारा मारणे वगैरे उपाय उपयोगी आहेत, पण डागडुजीचे.

याहून अवघड प्रश्न खरेपणाचा आहे. लोझानमध्ये कोरोगोद, पीटरसन आणि नॉट यांनी २०१५ मध्ये रासायनिक आणि शीत स्थिरीकरणाची तुलना केली. रसायनांनी मेंदूची ऊती आकसते आणि पेशींमधली मोकळी जागा जवळपास नाहीशी होते, असे त्यांना आढळले. म्हणजे आपल्या डोळ्यांना सवय झालेली ती दाटीवाटी बरीचशी आपणच केलेली. उच्च दाबाखाली गोठवले तर रचना जिवंतपणाच्या जवळ राहते, पण तुकडा सुमारे २०० मायक्रॉनपेक्षा जाड चालत नाही. खरे चित्र हवे तर तुकडा लहान, मोठा तुकडा हवा तर चित्र थोडे खोटे. या तडजोडीचा उल्लेख निबंधांच्या गोषवाऱ्यात क्वचितच सापडतो.

कृतींच्या नोंदींबद्दल तर बोलायलाच नको. ‘रूढ पद्धतीने रंगवले’ एवढ्यावर बोळवण होते. रसायनाची बाटली किती जुनी होती, तुकडा किती हलवला, किती ठोकळे टाकून द्यावे लागले, यांतले काहीच कळत नाही. कापण्याआधी क्ष-किरण चित्र घेतले तर भेग किंवा फिकट गाभा आधीच दिसतो. नियतकालिकांनी अशी चित्रे फसलेल्या ठोकळ्यांसह मागायला हरकत नसावी. फसलेल्या कृती छापल्या जात नाहीत, त्यामुळे प्रत्येक नवी प्रयोगशाळा त्याच चुका नव्याने, महाग ऑस्मियम ओतून, करते.

उंदराचा मेंदू सुमारे ५०० घन मिलिमीटरचा. त्याच्या नकाशाच्या योजना आखल्या जात आहेत. निधी देणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते: पुढचे यंत्र मागवण्याआधी फ्यूम हूडपाशी उभ्या राहणाऱ्या तंत्रज्ञाची नोकरी कायम करा.