स्फोटरोधक खिडक्यांचे संगणकीय सिम्युलेशन : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना :
7 ऑगस्ट 1998 रोजी नैरोबी येथील अमेरिकन दूतावासाबाहेर झालेल्या बॉम्बस्फोटात दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. मुख्य स्फोटापूर्वीचा आवाज ऐकून परिसरातील अनेक जण खिडक्यांपाशी आले होते. फुटलेल्या काचांनी त्यांपैकी कित्येकांची दृष्टी हिरावून घेतली. त्यामुळे खिडकी स्फोटाचा दाब कितपत सोसेल याचे संगणकावर पूर्वानुमान करणाऱ्या पद्धतींना विशेष महत्त्व आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या विश्वासार्हतेचा विचार केला आहे.

विवेचन :
यातील सोपी पद्धत खिडकीला स्प्रिंगवरील एकाच वस्तुमानासमान मानते. तिचे उत्तर तत्काळ मिळते, परंतु तडा नेमका कोठे जाईल हे ती सांगत नाही. फायनाइट एलिमेंट पद्धतीत काच आणि दोन काचांमधील पीव्हीबी प्लास्टिकचा थर यांचे हजारो सूक्ष्म घटक कल्पून प्रत्येकाची हालचाल गणिताने काढली जाते. चित्र अधिक तपशीलवार दिसते. मात्र तपशील म्हणजे अचूकता नव्हे.

पहिली अडचण काचेचीच आहे. ग्रिफिथ यांनी 1921 मध्ये दाखविल्याप्रमाणे काचेची ताकद तिच्यातील सूक्ष्म भेगांवर अवलंबून असते. म्हणून एकाच कारखान्यातील दोन काचा वेगवेगळ्या दाबाला फुटतात. संगणकाला मात्र बहुधा एकच आकडा पुरविला जातो. दुसरे असे की, पीव्हीबी थंडीत ताठर व उष्णतेत मऊ होते. तिसरे म्हणजे, फुटलेले घटक गणितातून वगळण्याची रूढ युक्ती त्यांचे वस्तुमानही नाहीसे करते. वास्तवात तेच तुकडे माणसाला जखमी करतात. शिवाय चौकट पूर्णपणे दृढ मानल्यास मूळ प्रश्नच निसटतो. काच टिकली तर भार चौकटीवर व भिंतीवर जातो आणि चौकट उखडल्यास संपूर्ण खिडकीच आत फेकली जाते.

समारोप :
प्रत्येक खिडकीची प्रत्यक्ष स्फोटाने चाचणी घेणे शक्य नसल्याने सिम्युलेशन अपरिहार्य आहे. तथापि 'सुरक्षित' किंवा 'असुरक्षित' असा एकशब्दी निर्णय न देता काच फुटण्याची शक्यता, गृहीत धरलेले तापमान आणि चौकटीची स्थिती अहवालात नमूद व्हावी. तसेच निवडक चाचण्यांशी त्याचा पडताळा घेतला जावा. नैरोबीत आवाज ऐकून माणसे खिडकीकडे धावली, हे कोणत्याही समीकरणात नव्हते. आकड्यांवर विसंबणाऱ्या अभियंत्याने याचे भान ठेवणे आवश्यक आहे.