गोलाध्याय : एका श्लोकाच्या पलीकडे

शालेय भाषणस्पर्धांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला. आम्हा खानदेशवासीयांना त्याचा अभिमान अंमळ अधिकच. रावेरहून भुसावळमार्गे चाळीसगाव गाठले की पाटणादेवीचे रान दूर नाही. शके ११२८ (इ.स. १२०७) च्या तेथील शिलालेखात, नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. अभिमान योग्यच, पण ज्या ग्रंथाचा दाखला द्यायचा, तो आपण वाचतो का?

'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला. त्यातील 'गोलाध्याय' हा भाग वाङ्मय म्हणूनही रसाळ आहे. गोलाचे ज्ञान नसलेल्या ज्योतिष्याला ते तुपावाचूनच्या जेवणाची उपमा देतात! पृथ्वी सपाट का दिसते? वर्तुळाच्या परिघाचा शतांश सरळच भासतो, आणि एवढ्या प्रचंड गोलावर माणूस तर अगदीच लहान. पलीकडच्या बाजूची माणसे खाली पडत नाहीत का? नदीकाठी उभ्या असलेल्या माणसाचे पाण्यातील प्रतिबिंब आठवावे, म्हणजे उत्तर मिळते.

तो प्रसिद्ध श्लोक याच ओघात येतो. पृथ्वीला आधार कोणाचा, हा तेथील प्रश्न. आधाराला आधार मानत गेल्यास अंत नाही. शेवटचा आधार स्वतःच्या बळावर राहत असेल, तर पृथ्वीनेच तसे का राहू नये? पृथ्वी सतत खाली पडत आहे, हे बौद्धांचे मतही ते खोडून काढतात. पृथ्वीच्या अंगी आकृष्टिशक्ती आहे. जड वस्तूला ती आपल्याकडे ओढते, म्हणून वस्तू 'पडते' असे आपण म्हणतो. भोवती सर्वत्र सारखेच आकाश असताना पृथ्वी पडेल तरी कोठे? बाराव्या शतकातील हा युक्तिवाद आजही मन प्रसन्न करतो.

पण याच ग्रंथात ग्रह कशाने फिरतात? प्रवह नावाच्या वायूने. आकृष्टिशक्ती दगडापुरती, ग्रहांसाठी वारा. या दोहोंमधली भिंत ग्रंथात शेवटपर्यंत उभीच राहते. नवल असे की, ती ओलांडण्यास लागणारे अंक ग्रंथात होते. पृथ्वीचा परिघ ४९६७ योजने, चंद्राचे अंतर ५१,५६६ योजने. म्हणजे चंद्र सुमारे पासष्ट पृथ्वीत्रिज्यांवर. न्यूटनने साठ त्रिज्या धरल्या आणि वेगळाच प्रश्न विचारला : दगड ओढणारी शक्ती चंद्रापर्यंत पोचते का? हातातून सुटलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर पडतो. सरळ रेषा सोडून चंद्र पृथ्वीकडे तेवढाच वळतो एका मिनिटात. अंतर साठपट, ओढ ३६०० पट कमी. दगड आणि चंद्र एका नियमाखाली आले ते १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त, आणि तेही केप्लरने ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे १६०९ मध्ये दाखवल्यानंतर.

संदर्भापासून तोडलेल्या वचनाचे काय होते, हे आपल्या घराला ठाऊक आहे. सूर्याला थांबवणारे यहोशवाच्या ग्रंथातील वचन कोपर्निकसच्या मताविरुद्ध पुरावा म्हणून पुढे करण्यात आले. १६३३ मध्ये गॅलिलिओला शिक्षा झाली. त्या काळच्या ईशज्ञानपंडितांची चूक पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये मान्य केली. आता तीच वाचनपद्धती भास्कराचार्यांच्या गौरवासाठी वापरली जाते, आणि त्यात नुकसान त्यांचेच होते. ग्रहाच्या दिवसभराच्या गतीहून त्याची त्या क्षणाची गती निराळी, हा 'तात्कालिक गती'चा सूक्ष्म विचार त्यांचे खरे सामर्थ्य दाखवतो; भाषणांत मात्र तो कोणी उच्चारत नाही.

१८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणलेल्या पाटणच्या त्या लेखात मठाला दिलेल्या दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे. संस्कृत न येणाऱ्यानेही तेथे उभे राहून त्या ओळींपासून वाचन सुरू करायला हरकत नाही.