टीआरपी, प्रक्षेपणवेळ आणि मराठी कौटुंबिक मालिका : 'आई कुठे काय करते!' च्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मराठी दूरचित्रवाणी मालिकांची समीक्षा प्रामुख्याने कथानक, अभिनय आणि संस्कार या अंगांनी होत आली आहे. मालिका कोणत्या वेळी दाखवली जाते आणि ती वेळ कशाच्या आधारे ठरते, हा प्रश्न व्यवस्थापनाचा समजून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः रोज ठरल्या वेळी घरात येणाऱ्या या कलाप्रकारात वेळ ही आशयापासून वेगळी काढता येत नाही. 'स्टार प्रवाह' वाहिनीवरील 'आई कुठे काय करते!' या मालिकेच्या आधारे हे नाते तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मोजणीची पार्श्वभूमी

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा प्रेक्षकाला निवडीला वाव नव्हता. १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' आणि २००० मध्ये 'ईटीव्ही मराठी' आल्यावर एकाच वेळी दोन मराठी वाहिन्या एकाच प्रेक्षकासाठी स्पर्धा करू लागल्या आणि टीआरपी हा शब्द घरोघरी पोहोचला. 'प्रपंच'सारखी आटोपशीर मालिका मागे पडून 'चार दिवस सासूचे' (२००१-२०१३) तीन हजारांहून अधिक भाग चालली, हा या स्पर्धेचाच परिणाम होय. जो स्लॉट आकडे देतो तो मोडायचा नाही, हा वाहिन्यांचा नियम झाला आणि कथेचा शेवट लेखकाच्या हातून निसटला.

२०१५ पर्यंत 'टॅम' या संस्थेची मोजणी नागरी भागापुरती होती. त्या वर्षी 'बार्क' या संस्थेची मोजणी सुरू झाली आणि ऑक्टोबरपासून तीत ग्रामीण घरेही आली. त्यानंतरच्या दोन वर्षांत 'रात्रीस खेळ चाले' (२०१६), 'तुझ्यात जीव रंगला' (२०१६) आणि 'लागिरं झालं जी' (२०१७) या मालिकांतून कोकण, कोल्हापूर व सातारा येथील घरे आणि तेथील बोली पडद्यावर आल्या. मोजणी हे याचे एकमेव कारण मानता येणार नाही; परंतु जो मोजला जातो त्याचीच कथा सांगितली जाते, या निरीक्षणाला त्यातून बळ मिळते.

ब्रिटनमध्ये १९८१ पासून 'बार्ब' ही संस्था हेच काम करते. तेथील बीबीसी परवानाशुल्कावर चालते, त्यामुळे तिच्या देशांतर्गत वाहिन्यांवर आकडा थेट जाहिरातीच्या दरात बदलत नाही. मराठी खासगी वाहिनीला ही सवलत नाही. दर गुरुवारी येणारा आकडा तिच्या उत्पन्नाचा पाया असतो.

मीटरच्या कक्षेतील आणि कक्षेबाहेरील प्रेक्षक

निवडलेल्या घरात दूरचित्रवाणी संचाला मीटर जोडलेला असतो आणि घरातील प्रत्येकाला एक बटण दिलेले असते. पाहायला बसताना त्या व्यक्तीने आपले बटण दाबावे, अशी अपेक्षा असते. २०२० च्या सुमारास देशभर अशी सुमारे ४५ हजार घरे होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कांदिवली पोलीस ठाण्यात टीआरपीतील कथित गैरप्रकाराचा गुन्हा नोंदला गेला. पुढे २०२४ मध्ये राज्य शासनाच्या अर्जावरून न्यायालयाने खटला मागे घेण्यास परवानगी दिली. चर्चा तेव्हा आकडा फुगवण्याभोवती फिरली. प्रामाणिक आकड्यात कोण येत नाही, हा अधिक मूलभूत प्रश्न तसाच राहिला.

मुंबई उपनगरांत हा प्रश्न स्पष्ट दिसतो. संध्याकाळी साडेसातला बोरिवली वा मुलुंडच्या लोकलमध्ये उभी असलेली नोकरदार स्त्री त्या वेळच्या आकड्यात नसते. घाटकोपरच्या वन रूम किचनमध्ये पोळ्या लाटता लाटता भिंतीपलीकडचे संवाद ऐकणारी गृहिणी बटण दाबायला बाहेर येत नाही. मालिका जिच्यासाठी आहे असे मानले जाते, तीच अशी मोजणीतून निसटू शकते.

साडेसात ते अडीच : वेळेचा अर्थ

'आई कुठे काय करते!' ही मालिका डिसेंबर २०१९ मध्ये संध्याकाळी साडेसातला सुरू झाली. तिचे मूळ 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेत आहे. त्याच मूळावर बेतलेली हिंदी 'अनुपमा' जुलै २०२० मध्ये रात्री दहाला सुरू झाली. मधुराणी प्रभुलकर यांनी साकारलेली अरुंधती देशमुख ही घरासाठी राबणारी, पण जिच्या राबण्याची नोंद कोणी घेत नाही अशी स्त्री. पतीच्या विवाहबाह्य संबंधांनंतर ती घटस्फोट घेते, कमावती होते, पुन्हा लग्न करते. शीर्षकातील कुत्सित उद्गार खोटा ठरवणे हे मालिकेचे कथासूत्र आहे. संध्याकाळी सगळे कुटुंब एकत्र असताना हा उद्गार ऐकवला जाणे, यात त्या वेळेचे औचित्य होते. ज्यांना उत्तर द्यायचे ते सासरे, पती आणि मुले तेव्हा दिवाणखान्यातच असतात.

मार्च २०२४ मध्ये साडेसातची वेळ 'घरोघरी मातीच्या चुली' या नव्या मालिकेला मिळाली आणि अरुंधतीची कथा दुपारी अडीचला गेली. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ती तेथेच संपली. दुपारच्या स्लॉटमागे एक गृहीत असते : या वेळी घरात मोकळी स्त्री असते. म्हणजे ज्या समजुतीविरुद्ध मालिका चार वर्षे बोलत होती, त्याच समजुतीच्या आधारे तिला नवी वेळ मिळाली.

याची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. दुपारी रिमोट गृहिणीच्या हाती असतो. संध्याकाळी भिंतीआडून ऐकणारी स्त्री दुपारी समोर बसून पाहू शकते आणि बटणही दाबू शकते. त्या अर्थाने दुपार ही तिच्या हक्काची वेळ आहे. परंतु तेव्हा अरुंधतीचे म्हणणे केवळ अरुंधतींपर्यंत पोहोचते. कुटुंबाला उद्देशून केलेले विधान स्त्रियांचे आपसांतील बोलणे होते. संवाद तेच राहिले तरी श्रोता बदलल्याने त्यांचा अर्थ आक्रसतो.

निष्कर्ष

टीआरपीमुळे मालिका बिघडतात, ही नेहमीची तक्रार अपुरी आहे. मोजणीने बोलीला आणि ग्रामीण घराला पडद्यावर जागा मिळण्यास हातभार लावला असण्याची शक्यताही तितकीच खरी आहे. मात्र आकडा किती जणांनी पाहिले हे सांगतो. कोणी कोणासोबत बसून पाहिले, हे वाहिन्यांच्या निर्णयात क्वचितच विचारात येते; कौटुंबिक मालिकेचा सामाजिक परिणाम तर त्यावरच अवलंबून असतो. म्हणून मालिकेच्या समीक्षेत लेखक-दिग्दर्शकांच्या नावांइतकीच प्रक्षेपणवेळ आणि तिच्यातील बदल यांची नोंद आवश्यक ठरते. अरुंधतीचे यश साडेसातच्या दिवाणखान्यात होते. अडीचच्या शांत घरात तिचा प्रश्न ज्यांनी ऐकायला हवा, त्यांतील बहुतेक जण कामावर किंवा महाविद्यालयात गेलेले होते.