पाखरांच्या पंगतीतला डोंगर

बासा भाषेत पाखराला 'हिनुनी' म्हणतात आणि अनेक असली की 'दिनुनी'. मराठीत अनेकवचनाला शब्दाचा शेवट बदलतो. इथे सुरुवात बदलते. माणूस 'मुत', माणसं 'बोत'. मित्र 'लिवांदा', पुष्कळ मित्र 'मावांदा'. कॅमेरूनमध्ये सानागा आणि न्योंग नद्यांच्या मुलखात, एदेआ आणि एसेकाच्या परिसरात बोलली जाणारी ही बांटू भाषा. तिच्यात प्रत्येक नामाला एक वर्ग असतो, आणि तो बहुधा पहिल्याच अक्षरात कळतो.

या सगळ्यांत 'हि-दि'ची जोडी मला फार लोभस वाटते. हा मुळात लहानग्यांचा वर्ग. पाखरू, कोकरू, वासरू, लेकरू यांना मराठीनं नपुंसकलिंगात घेतलं, त्यामागची माया इथेही आहे. 'हिलोगा' म्हणजे पोरगा. जीभही 'हिलेंब'. आणि 'हिकोआ' म्हणजे चक्क डोंगर! डोंगर लहान कसा, हे व्याकरण सांगत नाही. पण उच्चारताना तो पाखरांच्या पंगतीत सहज बसतो.

खरी गोडी मात्र शब्दाला शब्द लागला की कळते. हे पाखरू, 'हिनुनी हिनी'. आकाशातली पाखरं, 'दिनुनी दि न्गी'. आपलं 'आकाशातलं पाखरू' अनेकवचनात 'आकाशातली' होतं, तसाच हा मेळ. पण बासात नामाचं अक्षरच पुढे पुन्हा घुमतं. साधं बोलणंही त्यामुळे आतून यमक जुळल्यासारखं वाटतं.

म्बेने, लोग, बिकोक, उत्तरेकडे याबासी अशा बोलींत ही भाषा विखुरली आहे. बाकोको ही तिची जवळची बहीण. 'बोत'मधला 'ब' आपला नव्हे. तो म्हणताना हवा आत ओढली जाते. उल्हासनगरच्या एखाद्या जुन्या सिंधी माणसाच्या तोंडून 'ॿ' ऐकला असेल, तर तो ओळखीचा वाटेल.

बासांची वीरगाथा ज्या तंतुवाद्यावर गातात, त्याचं नाव 'हिलुन'. गाथेलाही तेच नाव. हितोंगच्या मुलांची अशी गाथा पियेर न्गिजोल न्गिजोल यांनी १९८० साली याउंदेत प्रसिद्ध केली. वीरांच्या कथेनं पाखराच्या वर्गातलं नाव घ्यावं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.