पाटीवरचं 'मेडिटरेनियन'

उत्तर लंडनमध्ये हॅरिंगे नावाची वस्ती आहे. तिथल्या ग्रीन लेन्स या रस्त्यावर ओळीनं तुर्की खानावळी आहेत, आणि पुष्कळ पाट्यांवर 'टर्किश अँड मेडिटरेनियन' असं लिहिलेलं दिसतं. लेकीचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर, त्यामुळं जून महिन्यात त्यातल्या एकीत माझं तीनदा जाणं झालं. तिचं नाव सांगत नाही. मला जे म्हणायचंय ते तिच्या शेजारणींनाही तितकंच लागू आहे.

आधी एक सोय सांगून टाकते. जूनमध्ये लंडनला सूर्य नऊनंतर मावळतो. रात्रीचं न जेवणाऱ्या माझ्यासारखीलाही सातला निवांत बसून दिवसाउजेडी जेवता येतं.

या खानावळींचा खरा प्रकार म्हणजे ओजाकबाशी, अर्थात चुलीजवळचं जेवण. कोळशाची लांबलचक शेगडी, वर तांब्याचं धुराडं, आणि घामानं निथळत सळ्या फिरवणारा बाप्या. सगळं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. त्या सळ्यांवर जे असतं त्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, पण धंदा स्वच्छ आहे, लपवाछपवी नाही, हे मान्य करायला हवं. ऑर्डर दिली की न मागता गरम रोटी येते, सॅलड येतं, आणि शेगडीवर भाजून डाळिंबाच्या आंबट रसात घातलेले कांदे येतात. त्याचे पैसे नाहीत, तो पाहुणचार. आता गंमत बघा, पाहुणचाराचा पहिलाच मान कांद्याला! आमच्याकडं बेळगाव भागात शेती करणाऱ्या पुष्कळ जैन घरांत कांदा चालतो. माझ्या माहेरी चालत नव्हता, मलाही चालत नाही. ती वाटी लेकीनं गुपचूप स्वतःकडं ओढली.

मग मेनूकार्ड. शाकाहारी म्हणून वेगळं पान होतं, बघून बरं वाटलं. वाचल्यावर तितकं बरं वाटलं नाही. हमस, फलाफल, हेल्लिम चीज, भाज्यांचा मुसाका. हमस आणि फलाफल हे मूळचे अरबांचे पदार्थ. मुसाका तुर्कांकडंही आहे, पण इथं वरून पांढऱ्या सॉसचा थर घातलेला होता, म्हणजे ग्रीक तऱ्हेचा. हेल्लिम सायप्रसचं, आणि त्याचा मात्र या रस्त्यावर हक्क आहे. इथं आधी सायप्रसचे ग्रीक आणि तुर्क येऊन राहिले, मागाहून तुर्कस्तानातले तुर्क आणि कुर्द आले. १९७४ मध्ये तिकडं बेटाची फाळणी झाली, इथं मात्र दोन्हीकडची माणसं एकाच रस्त्यावर दुकानं चालवत राहिली. पण खानावळीची चूल बघाल तर ती अदाना, उर्फा, गाझीआंतेप या दक्षिण आणि दक्षिण-पूर्व तुर्कस्तानातल्या शहरांची. मग 'मेडिटरेनियन' कुठून आलं? माझ्या मते, शाकाहारी गिऱ्हाइकाला काय द्यायचं हे चुलीवरच्या बाप्यांना सुचलं नाही, म्हणून सगळ्या समुद्रकाठचं गोळा करून आणलं. आपल्याकडच्या 'प्युअर व्हेज'मध्ये जैन थाळी मागितली की बिनकांद्याचं पनीर बटर मसाला येतं, त्यातलाच हा प्रकार. पनीर बटर मसाला आपल्या कुठल्या आजीनं केला होता?

वाईट याचं वाटतं की तुर्की घरात भाजी, डाळ, गव्हाचं काय कमी आहे? ऑलिव्हच्या तेलात शिजवून, गार करून खायच्या भाज्यांचा तर त्यांच्याकडं स्वतंत्र घाटच आहे. त्यातलं इमाम बायल्दी इथं मिळतं. आपल्या भरल्या वांग्याचं थोरलं भावंड म्हणा, नावाचा अर्थ 'इमामसाहेब बेशुद्ध पडले'. चवीनं पडले की तेलाचा खर्च ऐकून, यावर तिकडं दोन मतं आहेत. आत कांदा-लसूण भरपूर, म्हणून मी नुसती दुरून पाहिली. त्याखेरीज मसुरीची डाळ आणि बुलगूर गहू एकत्र मळून, मुठीत दाबून केलेले मर्जिमेक क्योफ्ते. बारीक बुलगुराचा आंबट-तिखट कसर. हे पदार्थ तिकडच्या बायका आपापसांत 'सोन्याचा दिवस' करतात तेव्हा हमखास असतात. सोन्याचा दिवस म्हणजे भिशीच हो! दर खेपेला एकीच्या घरी जमायचं, प्रत्येकीनं घरच्या बाईला सोन्याचं नाणं द्यायचं, आणि ती बाई सगळ्यांना खायला घालणार. भिशीचं हे खाणं कार्डावर कुठंच नाही.

बाई मात्र होती, खिडकीत! रस्त्यावरून दिसेल अशी काचेआड बसून ती लाटण्याऐवजी एका बारीक लांब काठीनं पातळ पोळी लाटत होती, आणि उपड्या तव्यासारख्या साजवर टाकत होती. बेळगावच्या मांड्यांची आठवण न होईल तर नवल. मांडा हातावर वाढवायचा, ही काठीनं वाढवलेली, पण पातळपणात हार जाणारी नव्हे. आत भाजी किंवा चीज घालून दुमडली की ती ग्योझलेमे. माझ्यासाठी तिनं नुसत्या चीजची केली. लेकीनं तिला क्योफ्त्यांबद्दल विचारलं, तर हसून म्हणाली, ते घरी करतो, इथं कोण मागणार?

मागणं हाच मुद्दा आहे. वेटर आल्याआल्या विचारतो, काही अ‍ॅलर्जी? इंग्लंडमध्ये २०१४ पासून १४ जिन्नसांची यादी आहे, ते पदार्थात असतील तर गिऱ्हाइकाला सांगावंच लागतं. तीळ त्यात आहेत, मोहरी आहे, सेलरीसुद्धा आहे. कांदा-लसूण नाही. लेक म्हणाली, "आई, तू अ‍ॅलर्जी आहे म्हण, काम सोपं होईल." आपल्यातल्या बऱ्याच जणी टूरवर असंच करतात, हे मला ठाऊक आहे. मला ते पटत नाही. व्रताला आजार म्हणायचं, आणि त्या पोरानं भिऊन आत पळायचं, यात दोघांचाही मान जातो. मी म्हणाले, मी जैन आहे, जमिनीखालचं खात नाही, काय मिळेल? त्यानं जैन शब्द ऐकला नव्हता. पण आत जाऊन विचारून आला आणि खरं सांगितलं: डाळीच्या चोर्बात कांदा आहे, भात मांसाच्या पाण्यात शिजवलाय, जाजिकच्या दह्यात लसूण आहे. चिजाचं पाकीटच आणून दाखवलं, त्यावर व्हेजिटेरियन छापलेलं होतं. शेगडीचा एक कोपरा पुसून घेऊन मिरच्या नि टोमॅटो भाजून दिले, सोबत रोटी आणि आयरान, म्हणजे आपलं खारं ताक, जरा घट्टसर. मेनूकार्डापेक्षा तो पोरगा कितीतरी सरस.

गोडाचं सांगायचं राहिलं. मध वर्ज्य म्हणून बकलावाला घाबरायचं कारण नाही. गाझीआंतेपचा बकलावा साखरेच्या पाकातला असतो, आत हिरवा पिस्ता. २०१३ मध्ये युरोपीय संघानं त्या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. काही ठिकाणी मध घालतात, तेव्हा विचारून घ्या. इथला साखरेचाच होता, वरचे पापुद्रे कुरकुरीत, पण पाक जरा जास्त झाला होता. क्युनेफे त्याहून उजवं. शेवयांसारख्या तारांच्या दोन थरांत बिनमिठाचं चीज, तुपात खरपूस भाजून वर गरम पाक. आल्या आल्या खा, गार झालं की चीज रबरासारखं ओढायला लागतं. आणि चहा दुधाशिवाय येतो, नाजूक काचेच्या पेल्यात. दूध मागितलंत तर मिळेल, पण मागू नका.