अहमद तेकेलूची यातागान : शस्त्र की अलंकार?

इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात अहमद तेकेलू या कारागिराने हिजरी ९३३ (इ. स. १५२६–२७) मध्ये सुलतान सुलेमानसाठी घडविलेली यातागान ही तुर्की तलवार आहे. तिच्यावर कर्त्याचे नाव व काल हे दोन्ही अंकित आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील तिची जोड मात्र निनावी असून, केवळ कारागिरीच्या साम्यावरून ती त्याच कर्मशाळेची मानली जाते. हे अनुमान ग्राह्य होय; कारण ड्रॅगन व सीमुर्ग यांचे तेच द्वंद्व दोन्ही पात्यांवर सोन्यात उठावाने साकारले आहे.

तथापि अशा शस्त्रांची प्रशंसा बहुधा रत्ने व हस्तिदंती मूठ यांपाशीच थांबते. ही दृष्टी अपुरी होय. यातागानीस परज नसते. पाते दुहेरी वळणाचे असून धार आतील वळणावर असते. द्वंद्वाचे दृश्य मुठीलगतच्या अरुंद पट्टीत, पात्याच्या वळणास अनुसरूनच बसविले आहे. नक्षीसाठी धारेचा बळी दिलेला नाही. या संयमातच कारागिराची खरी प्रतिष्ठा आहे. स्वाक्षरीने कर्तृत्व सिद्ध होते. गुण मात्र पात्यातच शोधावा लागतो. म्हणून निनावी जोडीस दुय्यम लेखणे न्याय्य ठरत नाही.